‘सिली मिस्टेक’ रोजच होत असेल, तर ती सिली नाही: वहीतला फॉल्ट कसा शोधायचा

तक्रार ठरलेली आहे. “समजतं सगळं, पण उत्तर येत नाही.”

इंदूरला आमच्या रामबागेतल्या ओट्यावर संध्याकाळी तीन वह्या येतात. नातू नववीत, भाचीची मुलगी दहावीत आणि समोरच्या वाड्यातली मुलगी बारावीत. एकाचं मध्य प्रदेश बोर्ड, दोघींचं सीबीएसई, पुस्तक कुणाचं हिंदीत तर कुणाचं इंग्रजीत. रोग मात्र एकच. पानभर गणित, शेवटी लाल फुली, आणि फुलीशेजारी मुलानं स्वतःच लिहिलेलं ‘सिली मिस्टेक’. पुढच्या पानावर पुन्हा तेच.

मी गणिताचा मास्तर नाही. होळकर सायन्स कॉलेजातून बीएस्सी केलं आणि उरलेला जन्म वीज खात्यात काढला. तिथे सिली नावाचा फॉल्ट नसतो. फॉल्टला पत्ता असतो: अमुक खांब, तमुक जम्पर (खांबावरची जोडतार). पत्ता सापडेपर्यंत कितीही फ्यूज बदला, तो पुन्हा उडणारच. घरोघरी मात्र फ्यूज बदलणंच चालू असतं. मूल चुकलं की त्याला तसलीच आणखी दहा गणितं देतात. भंवरकुव्याच्या कुठल्याही क्लासात विचारा, औषध तेच, “प्रॅक्टिस वाढवा”. पण ज्याच्या डोक्यात नियमच उलटा बसलाय, तो दहा गणितं केली की दहा वेळा उलटा नियम घोटतो.

म्हणून आधी खात्री करा की तुमच्याकडचा त्रास याच जातीचा आहे. मागच्या पंधरा दिवसांतल्या फुल्या गोळा करा. उत्तर कुठे चुकलं ते सोडा, *पहिली* चुकलेली ओळ कोणती तिथे पेन्सिलीनं खूण करा. नातवाच्या नऊ फुल्यांपैकी सहा एकाच ठिकाणी निघाल्या, कंसाआधीच्या वजाच्या चिन्हापाशी. धडे तीन होते, चूक एकच. खुणा अशा एका जागी गोळा झाल्या तर पुढचं वाचा. नऊच्या नऊ वेगवेगळ्या निघाल्या तर मुलाची झोप आणि मोबाइल तपासा, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

(वहीत मुलं इंग्रजी अक्षर लिहितात, मी इथे आमच्या जुन्या सवयीनं क्ष लिहितो.)

बीजगणित: टेस्टर लावा

नातवाचं गणित हे:

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७

त्यानं पुढे लिहिलं:

३क्ष − १२ − २क्ष − १० = ७
क्ष − २२ = ७
क्ष = २९

पुस्तकात उत्तर ९. त्यानं पहिल्यापासून पुन्हा केलं, पुन्हा २९. तिसऱ्यांदा केलं, २९. स्वतःचीच वाट पुन्हा चालून चूक दिसत नाही, डोळा त्याच खड्ड्यावरून सवयीनं उडी मारतो. “आजोबा, पुस्तकातच गलत छापलंय.” हेही ठरलेलं वाक्य आहे. खजुरी बाजारातून आणलेल्या गाइडमध्ये ते कधीकधी खरंही निघतं, पण शंभरात दोनदा.

टेस्टर असा लावायचा. क्षला एक आकडा द्या, समजा ३. प्रत्येक ओळीत डावी बाजू काढा, तीतून उजवी वजा करा, येणारा फरक समासात लिहा. पहिल्या ओळीत ३(−१) − २(−२) म्हणजे १, त्यातून ७ गेले, फरक −६. दुसऱ्या ओळीत ९ − १२ − ६ − १० म्हणजे −१९, त्यातून ७ गेले, −२६. तिसऱ्या ओळीतही −२६, चौथीतही −२६. म्हणजे करंट पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे तुटला, खालची सगळी लाइन ठीक आहे. पदं इकडून तिकडे नेली तरी हा फरक हलत नाही. फार तर चिन्ह उलटतं, किंवा दोन्ही बाजूंना कशानं गुणलं-भागलं असेल तर फरकही तेवढ्याच पटीत बदलतो. याखेरीज बदलला की तिथेच थांबा.

आता मला आवडणारा भाग. −६ चे −२६ झाले, म्हणजे वीस कमी. वीस कुठून आले? दुसऱ्या कंसातल्या −२ गुणिले −५ चे +१० व्हायला हवे होते, त्यानं −१० लिहिले. दहा आणि दहा, वीस. चुकीचा आकडा कधी मुकाट्यानं येत नाही, तो काय चुकलं ते सांगत येतो. मग नातवाला विचारलं, “वजा दोननं कंस कसा सोडतोस?” तो म्हणाला, “वजाचं चिन्ह आत सगळ्यांना लागतं, सगळे वजा होतात.” हा त्याचा नियम होता. कुणी शिकवला नव्हता, त्याचा त्यानं बसवला होता, आणि कंसात अधिक असलं की तो बरोबर उत्तरही देत होता. म्हणूनच सातवीपासून टिकून राहिला. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये लिहून ठेवलंय.

ओळी चौदा-पंधरा असल्या तर प्रत्येक ओळ तपासत बसू नका. फीडरवर फॉल्ट असला तर लाइनमन प्रत्येक खांबावर चढत नाही, मधला जम्पर सोडून अर्धी लाइन चालू करून बघतो. तसं सातव्या ओळीला टेस्टर लावा. फरक पहिल्या ओळीइतकाच आला तर चूक खाली, नाहीतर वर. मग उरलेल्याचा अर्धा भाग. चौदा ओळींत फार तर चार वेळा टेस्टर लावावा लागतो.

आकडा निवडताना ०, १ आणि २ घेऊ नका, ही तिघं चोरांना सामील असतात. (क्ष + ५)² बरोबर क्ष² + २५ असं मुलं सर्रास लिहितात, आणि तिथे शून्य घातलंत तर दोन्हीकडे २५ येऊन चूक सुटते. ३ घाला: ६४ आणि ३४. दोनाचं तर विचारूच नका, २ + २, २ × २ आणि २² तिन्ही चारच. तीन किंवा सात चांगले. मात्र छेदात क्ष − ३ असेल तर तीन घालाल आणि शून्यानं भागायची पाळी येईल, तिथे सात घ्या.

छेदावरून आठवलं. आमच्या सौ.चं माहेर पुण्याचं, शिक्षण मराठी शाळेत. एकदा नातवाला तिनं सांगितलं, “आधी छेद समान कर.” तो वहीकडे बघतच राहिला. हिंदीत छेद म्हणजे भोक, त्याच्या पुस्तकात त्याला ‘हर’ म्हणतात. तसंच ‘मूळ संख्या’ ऐकून तो वर्गमूळ काढायला बसला, त्याची ती ‘अभाज्य संख्या’. आपल्या वर्गसमीकरणाचं त्याच्याकडे ‘द्विघात समीकरण’. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत शिकवणाऱ्याची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, आणि अर्धे फॉल्ट या जोडावरच ठिणगी टाकतात. शिकवायला बसाल तेव्हा शब्द पुस्तकातला वापरा, मग रागवायचं ते मराठीत रागवा.

खोडाखोडीची चूक वेगळी. (क्ष + ६)/६ मधले दोन सहा खोडून मूल क्ष लिहितं. तीन घाला: ९/६ म्हणजे दीड, तिकडे तीन. बस, वाद संपला. नियमाचं भाषण नंतर द्या. खोडता येतं ते गुणलेलं, मिळवलेलं नाही.

टेस्टरला न सापडणारे फॉल्ट दोन आहेत. पहिला: क्ष² = ५क्ष, दोन्ही बाजूंना क्षने भागलं, क्ष = ५. पाच घालून बघा, बरोबर बसतं. चूक अशी की शून्यही उत्तर होतं आणि ते भागाकारात गेलं. इथे आकडे घालून भागत नाही, मोजावं लागतं. वर्ग आहे, तर दोन उत्तरं अपेक्षित, एकच आलं तर दुसरं कुठे गेलं ते सांगा. अज्ञातानं भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून अवयव पाडायचे.

दुसरा याच्या उलट, पाहुणा उत्तर. √(क्ष + ६) = क्ष, दोन्हीकडे वर्ग केला, क्ष² − क्ष − ६ = ०, उत्तरं ३ आणि −२. −२ मूळ समीकरणात घाला: डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. वर्ग करताना हा आत शिरला. हे मुलांना पटवायला मी भास्कराचार्यांची माकडं काढतो. शेजारच्या उज्जैनशी नाव जोडलेला माणूस, तेव्हा आपलाच. त्यांच्या बीजगणितात दोन कोडी आहेत. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत आणि बारा टेकडीवर आहेत. उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पाच घालून पाहिलं तर समीकरण जुळतं, पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उणे दोन माकडं. भास्कराचार्यांनी पाच सोडून दिलं. समीकरण जुळलं म्हणजे गणित सुटलं असं नाही, हे त्यांनी बाराव्या शतकात ताडलं होतं, आणि दहावीची मुलगी उणे चार मीटर रुंदीचं शेत लिहून मोकळी होते.

भूमिती: आकृती मुद्दाम वाकडी काढा

इथे टेस्टर चालत नाही, इथला फॉल्ट डोळ्यात असतो.

भाचीच्या मुलीची प्रत्येक आकृती देखणी. त्रिकोण काढला की दोन बाजू सारख्या, पाया आडवा, शिरोबिंदू बरोबर मधोमध. त्यामुळे मध्यगा काढली की ती शिरोलंबही दिसते आणि कोनदुभाजकही. मग सिद्धतेत हळूच एक ओळ येते, ‘हा कोन ९० अंशाचा’. का? “दिसतोय ना.”

उपाय साधा आहे. त्रिकोण ‘कोणताही’ म्हटला असेल तर साधारण ४५, ६० आणि ७५ अंशांचा काढा. तो ना समद्विभुज दिसतो, ना काटकोनी. चौकोन म्हटला असेल तर चारही बाजू वेगळ्या. वर्तुळातली जीवा केंद्रातून जायला नको. देखण्या आकृतीत खरं वाटणारं वाकड्या आकृतीत खोटं पडलं तर ते दिलेलं नव्हतं, तुम्ही गृहीत धरलं होतं.

सुंदर आकृती किती घात करते ते बघायचं असेल तर एक जुनी गंमत करा. त्रिकोण अबक घ्या. अ चा कोनदुभाजक आणि बक चा लंबदुभाजक काढा. त्यांचा छेदनबिंदू त्रिकोणाच्या आत दाखवा, तिथून दोन्ही बाजूंवर लंब टाका, एकरूपतेच्या कसोट्या लावत जा. प्रत्येक ओळ बरोबर, आणि शेवटी सिद्ध होतं की अब = अक. म्हणजे जगातला प्रत्येक त्रिकोण समद्विभुज! दोन दिवस मुलं ओळी तपासत बसली. ओळीत काही नव्हतं. ते दोन दुभाजक त्रिकोणात भेटतच नाहीत, पायाच्या पलीकडे परिवर्तुळावर भेटतात, आणि टाकलेल्या दोन लंबांपैकी एक बाजूवर पडतो तर दुसरा वाढवलेल्या बाजूवर. जिथे एकीकडे बेरीज तिथे दुसरीकडे वजाबाकी. पट्टी-कंपास घेऊन नीट काढली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

एकरूप शब्दाचाही घोळ लक्षात ठेवा. आपलं एकरूप म्हणजे हिंदी पुस्तकातलं सर्वांगसम. आपलं समरूप तिथेही समरूपच. आजीनं “एकरूप दाखव” म्हटलं की मुलगी दोन कोन जुळवून थांबते, कारण तिला समरूप ऐकू येतं. आजीच्या एकरूपतेच्या कसोट्या, बाकोबा, कोबाको, बाबाबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन), मात्र मी मुलांना पाठ करायला लावल्यात, त्या जिभेवर बसतात. आणि त्यात ‘बाबाको’ का नाही हे हातानं करून दाखवलं. ४० अंशांचा कोन काढा, त्याच्या एका भुजेवर १० सेंटिमीटर घ्या, तिथून कंपासात ७ सेंटिमीटर घेऊन चाप मारा. चाप दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो. माप तीच, त्रिकोण दोन.

सिद्धता लिहिताना पानाच्या उजवीकडे रेघ मारून ‘कारण’ असा रकाना ठेवा. ज्या ओळीसमोरचा रकाना रिकामा, तिथे फॉल्ट. ‘आकृतीवरून’ हे कारण चालत नाही.

कॅल्क्युलस: बारावीचा दिवा, आठवीची वायरिंग

समोरच्या वाड्यातली मुलगी आली ती रडवेली होऊनच. “काका, इंटिग्रेशन जमतच नाहीये.” वही बघितली. १/(क्ष + २) चं इंटिग्रेशन करायला तिनं आधी त्याचे १/क्ष + १/२ असे दोन तुकडे केले होते. पुढचं इंटिग्रेशन चोख. तीन घालून बघायला सांगितलं: १/५ म्हणजे ०.२, आणि १/३ + १/२ म्हणजे ०.८३. ती माझ्याकडे बघून हसायलाच लागली. कॅल्क्युलसचा धडा दोष नसताना शिव्या खातो. तिच्या अकरा फुल्यांपैकी सात अशा, बीजगणिताच्या.

उरलेल्या चारांतल्या दोन साखळी नियमाच्या. (३क्ष + १)² चं डेरिव्हेटिव्ह तिनं २(३क्ष + १) लिहिलं, क्ष = १ ला ते होतं ८. इथे टेस्टर असा: क्ष १ असताना किंमत १६. क्ष १.००१ असताना ४.००३ चा वर्ग, १६.०२४००९. वाढ ०.०२४००९, तिला ०.००१ ने भागा, २४.००९. म्हणजे खरं उत्तर २४ च्या आसपास, तिचं ८. बरोबर तिप्पट, आणि आतल्या ३क्षमधला ३ कुठे गेला होता ते तिनंच सांगितलं. पुन्हा तेच, चुकीचा आकडा पत्ता घेऊन आला.

इंटिग्रेशनला तर टेस्टर फुकटच मिळालाय, उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या आणि मूळ प्रश्न परत येतो का बघा. तरी मुलं बघत नाहीत, पुस्तकामागचं उत्तर बघतात.

आणखी एक फुली मर्यादांची. ० पासून २ पर्यंत २क्ष(क्ष² + १)³. तिनं क्ष² + १ = ट घेतलं, पण मर्यादा ० आणि २ च ठेवल्या, उत्तर ४. क्ष बदलला की मर्यादाही ट च्या व्हायला हव्यात, १ ते ५, आणि उत्तर १५६. हे नियम आठवून नव्हे, अंदाजानं पकडायचं. क्ष = १ ला हा आलेख १६ उंचीवर आहे आणि पुढे चढतच जातो, म्हणजे नुसत्या १ ते २ या पट्ट्यातच १६ हून जास्त क्षेत्रफळ आहे. चार कसं येईल?

त्यानंतर आठवड्यानं ती परत आली, या वेळी माझाच खोटेपणा पकडल्याच्या थाटात. “काका, तुमचा टेस्टर बेकार है.” साइन क्षचं डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी १ यायला हवं, तिला मोबाइलवर ०.०१७४५ आलं. मोबाइल हातात घेतला, साइन ३० टाकलं, ०.५ आलं. कॅल्क्युलेटर अंशांवर होता. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस हे फक्त रेडियनमध्ये खरं, अंशांत मोजलं तर प्रत्येक ठिकाणी पाय (π) भागिले १८० एवढा गुणक लागतो, आणि तो ०.०१७४५. रेडियनवर केलं तर साइन ३० टाकल्यावर −०.९८८ दिसतं. लाइनवर चढण्याआधी टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून बघायचा, हे खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मीच तिला सांगायला विसरलो होतो. आता ती वही उघडण्याआधी साइन ३० दाबते.